दुपारच्या खेळाचे एकनिष्ठ प्रेक्षक

तिकीटखिडकीच्या काचेवर चिकटवलेला कागद काटासाहेबांनी एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि मग काउंटरवर छत्रीची मूठ आपटली.

"बंद? कोणाला विचारून?"

आतल्या मुलीने कानातली वायर काढली. "काय झालं, काका?"

"हे काय लिहिलंय? 'प्रेक्षकांच्या अल्प प्रतिसादामुळे या महिनाअखेरीस थिएटर बंद होत आहे.' मी प्रेक्षक नाही? माझा प्रतिसाद अल्प आहे?"

"तुमचा नाही हो. तुम्ही रोज येता. पण तुम्ही एकटेच येता ना."

"मग एकट्याने येणं गुन्हा आहे का?"

तिने नेहमीचं तिकीट पुढे सरकवलं. दुपारचा खेळ, शेवटची रांग, भिंतीलगतची खुर्ची. कोणता सिनेमा आहे हे काटासाहेबांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

काटासाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत असताना काटा मारणाऱ्या दुकानदारांचा त्यांनी असा काही पिच्छा पुरवला, की त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांपुरतंच उरलं. नोकरी संपली, पण संताप संपला नाही. दुधाची पिशवी, पावाची लादी, शेजाऱ्याचं हसू, सगळ्यातच त्यांना काहीतरी कमी भरल्याचा वास यायचा. त्यांची ऑफिसची करडी पँट घरातून नाहीशी झाली तेव्हा त्यांनी थेट इस्त्रीवाल्यावर आळ घेतला, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. इस्त्रीवाला शपथा घेऊन थकला. पण काटासाहेबांचा शब्द म्हणजे मोहोरबंद वजन, तो बदलायचा नाही.

असाच एक शब्द त्यांनी आपल्या निरोपसमारंभात दिला होता. "मी आयुष्यात दुपारी पाठ टेकली नाही! दुपारी झोपणं म्हणजे दिवसाचा काटा मारणं!" टाळ्या कडाडून वाजल्या. पुढच्याच आठवड्यात, जेवण झाल्यावर, काटासाहेबांच्या पापण्या जड व्हायला लागल्या.

आता आली का पंचाईत! घरात बायकोचा शिवणाचा वर्ग दुपारीच भरायचा. बैठकीच्या खोलीत ओळीने मशिनं आणि मशिनांवर मुली. त्यांच्यासमोर आतल्या खोलीत जाऊन दार लावणं म्हणजे जाहीर कबुली. काटासाहेब पेपर उभा धरून बसायचे, पेपरामागे मान पडायची, आणि मुली खुसखुसल्या की ते दचकून ओरडायचे, "वाचतोय!" पेपर बऱ्याचदा उलटा असायचा.

मग उपनगराच्या टोकाला मॉल झाला आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर हे थिएटर. मैदान गिळून मॉल बांधल्याबद्दल पहिला निषेध अर्थातच काटासाहेबांचा. लोकांनी निषेधावर सह्या केल्या आणि संध्याकाळी नवे कपडे घालून मॉल बघायला गेले. काय गर्दी होती म्हणता! सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी माणसं एकमेकांना "तू आधी, तू आधी" करत उभी असायची. तीन पडदे, तिन्ही भरलेले, बाहेर मक्याच्या लाह्यांची रांग. त्या लाह्यांच्या डब्यात निम्मी हवा असते अशी बातमी लागली, आणि काटासाहेब खिशात ताणकाटा घालून चालून गेले. घाबरलेल्या मॅनेजरने त्यांना थंड पाणी दिलं, हाताला धरून आत नेलं आणि फुकट खुर्चीत बसवलं. दिवे गेले. अंधार, गारवा, मऊ पाठ, आणि ओळखीचं कोणी नाही. काटासाहेबांना जाग आली ती डोळ्यांवर बॅटरी पडल्यावर. निवृत्तीनंतर इतकं शांत त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच्या पैशाने जाऊ लागले. घरी सांगितलं, "सिनेमा म्हणजे समाजाचं माप. त्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं." बायको म्हणाली, "ठेवा हो. जाताना दार ओढून घ्या."

मॉल जसा फुगला तसाच बसला. आधी चपलांचं दुकान गेलं, मग खेळण्यांचं. सरकता जिना सरकेनासा झाला आणि लोक त्यावरून पायांनी चढू लागले. तीन पडद्यांचा एक पडदा उरला. थिएटरला अशी उतरती कळा लागली तसा काटासाहेबांच्या झोपेला बहर आला. गर्दी नाही, कुजबुज नाही. बॅटरीवाला म्हातारा तर हल्ली त्यांच्यासाठी एक छोटी उशीही आणून द्यायचा. आणि आता हे सुख कोणीतरी एक कागद चिकटवून काढून घेणार?

संध्याकाळी त्यांच्या घरी, मशिनांच्या मधल्या जागेत, थिएटर बचाव समिती स्थापन झाली. शेजारचे बँकवाले, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर आणि सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई आल्या. सगळे संतापलेले होते.

"सरळसरळ अन्याय आहे हा," बँकवाले म्हणाले. "आपल्या भागाची शान होती ती."

"माझी मुलं तिथे मोठी झाली," सेक्रेटरीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"शेवटचा सिनेमा तिथे कधी पाहिलात?" काटासाहेबांनी विचारलं.

बँकवाले पंख्याकडे बघू लागले. "म्हणजे... जाणं होत नाही हो. घरी मोबाइलवर सगळं दिसतं. पण थिएटर असायला हवं. असलं की बरं वाटतं."

"आणि तिकीट कोण काढणार?"

"लोक!" दातांचे डॉक्टर ठामपणे म्हणाले.

हे लोक म्हणजे कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. प्रत्येक चांगली गोष्ट त्यांच्यावर सोपवून आपण घरी बसलेलो असतो, आणि ते मेले कधी येतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीने मॉलच्या दारात घोषणा सुरू केल्या. थोड्याच वेळात मॅनेजर धापा टाकत खाली आला.

"साहेब, पाया पडतो, हे थांबवा."

"का? मालक घाबरले?"

"मालकांना पत्ताही नाही. आज तुम्हाला सोडून दोन गिऱ्हाइकं आली होती. ती दोघं तुमच्यात उभं राहून घोषणा देतायत!"

काटासाहेबांनी वळून पाहिलं. एक तरुण जोडपं मनापासून ओरडत होतं. मॅनेजर काकुळतीला आला. "ओरडू नका, साहेब. माणसं आणा. शनिवारी मालक हिशेब मिटवायला येणार आहेत. दुपारचा खेळ भरलेला दिसला, तर निदान तोंड उघडायला मला जागा होईल."

काटासाहेब घरोघर फिरले. दाराची बेल वाजवायची, तिकीट पुढे धरायचं आणि वजनात खोट सापडल्यासारखं बघायचं. नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. शनिवारी थिएटर खच्चून भरलं. बायकोही शिवणवर्गासकट आली आणि भिंतीलगतच्या खुर्चीच्या शेजारी बसली. आपण आपल्या झोपेच्या जागेवर अख्खी वस्ती आणून बसवली आहे, हे काटासाहेबांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. आज डोळा लागू द्यायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

तेवढ्यात पुढून मॅनेजरचा आवाज आला. "खेळ सुरू होण्यापूर्वी आपण आपल्या सर्वांत एकनिष्ठ प्रेक्षकाचा सत्कार करणार आहोत! पहिल्या दिवसापासून एक दुपार न चुकवणारे चित्रपटप्रेमी, काटासाहेब!"

कोणीतरी त्यांना पुढे ढकललं, कोणीतरी कॉलरला छोटा माइक अडकवला. पहिल्या रांगेत मालक हाताची घडी घालून बसले होते.

"साहेब, आपल्या आवडत्या सिनेमाविषयी दोन शब्द!"

इतक्या वर्षांत काटासाहेबांनी या पडद्यावर एकच गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहिली होती. सिनेमाआधीची आगीच्या वेळची सूचना. पण माणूस सरकारी नोकरीत मुरलेला होता. त्यांनी घसा खाकरला.

"सिनेमाच्या गोष्टीचं काय घेऊन बसलात? शेवटी कोण जिंकतो, हे मला विचारू नका. पण सुरुवातीला दाखवतात ते तुम्ही नीट बघता का? बाहेर पडायचे दरवाजे दोन. एक डावीकडे, एक पडद्याशेजारी. किती खरं, किती थोडक्यात! एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. याला म्हणतात चोख माप!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय खोल बोलले!" दातांचे डॉक्टर बँकवाल्यांच्या कानात म्हणाले. मालकांनीही हाताची घडी सोडली. काटासाहेब विजयी मुद्रेने जागेवर येऊन बसले. कॉलरचा माइक काढायचं कोणालाच सुचलं नाही.

दिवे गेले. काटासाहेबांनी मांडीला चिमटा घेतला. तोच अंधारातून बॅटरी आली आणि शेजारी थांबली. थिएटरच्या चारी भिंतींमधून बॅटरीवाल्याचा प्रेमळ आवाज घुमला, "साहेब, उशी. आज मध्यंतराला उठवू, का एकदम सुटल्यावर?"

"सुटल्यावर," काटासाहेब सवयीने म्हणाले. तेही घुमलं.

हात आपोआप पुढे झाला, उशी मानेखाली गेली आणि देहाने रोजचं काम सुरू केलं. पडद्यावर नायिका वडिलांच्या उशाशी हुंदके देत होती, तेव्हा चारी भिंतींमधून पहिलं घोरणं आलं. दुसऱ्या घोरण्याला शिवणवर्ग फुटला. तिसऱ्याला सगळं थिएटर खुर्च्या बडवत हसत होतं. दिवे लागले. मालक उभे राहिले, शेवटच्या रांगेकडे पाहत म्हणाले, "एकनिष्ठ प्रेक्षक!" आणि डावीकडच्या दरवाज्याने निघून गेले. मॅनेजर मटकन खाली बसला.

"तुमच्यामुळे गेलं थिएटर!" बँकवाले ओरडले. "इतकी वर्षं झोपायला येत होतात? लाज नाही वाटत?"

काटासाहेब ताडकन उठले. माइक अजून चालू होता.

"हो, झोपलो! रोज झोपलो! पण तिकीट काढून झोपलो! तुम्ही घरी जागे राहून कोणते दिवे लावलेत?"

ज्याने त्याने आपल्या पायांकडे पाहिलं.

पण बायकोकडे बघायचं धाडस काही काटासाहेबांना झालं नाही. थांबलेल्या सरकत्या जिन्यावरून दोघं गुपचूप उतरले. उशी तशीच काखेत राहिली होती. मॉलबाहेर आल्यावर ते म्हणाले, "काय बोलायचं ते बोलून टाक."

"अभ्रा मळलाय. धुवायला टाकते."

"अगं, थिएटरची उशी आहे ती. परत द्यायला हवी."

"थिएटरची? नीट बघा तरी."

काटासाहेबांनी रस्त्यातच उशी डोळ्यांजवळ धरली. करडं, जाड कापड. कोपऱ्यात शाईचा जुना डाग, खिशात पेन गळलं होतं त्याचा. चिमूटभर तूट लांबून ओळखणारा हा माणूस, रोज स्वतःच्या पँटीवर गाल टेकून झोपत होता.

"ही माझी ऑफिसची पँट! अगं, त्या इस्त्रीवाल्याशी मी बोलत नाही!"

"ते तुमचं तुम्ही निस्तरा," बायको म्हणाली. "पूर्वी तुम्ही रोज मान अवघडून यायचात. गालावर खुर्चीच्या शिवणीचा ठसा. मी शिवण ओळखत नाही होय? एक दिवस वर्गाला सुट्टी दिली आणि तुमच्यापुढच्या रांगेत येऊन बसले. तुम्ही झोपलात, मी सिनेमा पाहिला. छान होता. मग उशी शिवली आणि बॅटरीवाल्या भाऊंकडे देऊन ठेवली."

"मग बोलली का नाहीस? मी घरीच झोपलो असतो!"

"आणि निरोपसमारंभातल्या त्या भाषणाचं काय केलं असतंत?" ती हसली. "शिवाय खरं सांगू? तुम्ही पेपर उलटा धरून बसलात की मुलींचं शिवणात लक्ष लागायचं नाही."

काटासाहेबांना चिडायचं होतं, पण जमेना. आता दुपारी जायचं कुठे, याचीच त्यांना काळजी लागली होती.

महिना संपला. थिएटरच्या दाराला कुलूप लागलं. त्या दुपारी काटासाहेब बैठकीच्या खोलीत येरझारा घालत होते. बायकोने कोपऱ्यातल्या आरामखुर्चीवर उशी ठेवली.

"या खडखडाटात झोप लागेल का कोणाला?" ते उसळले.

"तिथे पडद्यावर बॉम्ब फुटायचे तेव्हा लागायची ना?"

ते रागारागाने खुर्चीत बसले. बायकोने खूण केली तशी एका मुलीने त्यांच्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढला. कोणी खुसखुसलं नाही, आता हसण्यासारखं लपलेलं काही उरलंच नव्हतं. मशिनं सुरू झाली, आणि दुसरी बाही जोडून व्हायच्या आत काटासाहेबांचं घोरणंही त्यांत मिसळलं.

वर्ग सुटायची वेळ झाली. एकेक मशीन थांबत गेलं. शेवटचं मशीन थांबलं आणि खोली शांत झाली, तसे काटासाहेब दचकून जागे झाले आणि सगळ्यांकडे डोळे वटारून पाहू लागले.

"बंद?" ते कडाडले. "कोणाला विचारून?"