तासावरचा पाहुणा

दोन हजार सहा सालच्या हिवाळ्यात न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावी यशोधनच्या घरचं सिंक तुंबलं. घराचा हप्ता भरताना आधीच त्याच्या नाकी नऊ येत होते. वेलिंग्टनची गाडी गाठायच्या घाईत त्याने वडिलांना बजावलं, "बाबा, प्लंबर येईल. तासाला साठ डॉलर घेतात. त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत, प्लीज."

शशिकांतरावांनी मान डोलावली. पुण्याच्या बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेल्या माणसाला मुलाचे पैसे वाचवण्याखेरीज दुसरं काम तरी काय होतं?

रसेल नावाचा धिप्पाड प्लंबर आला आणि थेट सिंकखाली शिरला. वेळ वाचावा म्हणून शशिकांतरावांनी स्वतः बॅटरी धरली. अर्ध्या तासात पाणी भळाभळा वाहून गेलं. पण घरी आलेला माणूस तसाच गेला असता तर त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंना जेवण गोड लागलं नसतं. त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि रसेल खुर्ची ओढून बसला.

आता समोरचा खातोय आणि आपण मख्खासारखे बघतोय, हे काही बरं दिसेना. तेव्हा शशिकांतरावांनी, आपल्याकडे कुणीही विचारतो तेच विचारलं, पगार किती? रसेलचा चमचा हवेत थांबला. हा प्रश्न त्याला त्याच्या आईनेही कधी विचारला नव्हता. पण पोहे फर्मास होते.

"तासाला बावीस," तो म्हणाला.

"आणि बाकीचे अडतीस?"

"कंपनीचे."

शशिकांतरावांचं रक्त उसळलं. बँकेच्या युनियनचे ते वर्षानुवर्षं चिटणीस होते आणि त्यांची एकही मागणी कधी मान्य झालेली नव्हती. त्यांनी सकाळचा पेपर टेबलावर पसरला. त्यात कुठल्या धंद्यात ताशी सरासरी किती मिळतात त्याचा तक्ताच आला होता. सुतार, वायरमन, कारकून, सगळ्यांवरून बोट फिरवत त्यांनी रसेलला समजावलं की तीस मागायचे, सव्वीसवर यायचं, आणि एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून जायचं. दमयंतीबाईंनी घड्याळाकडे खूण केली. त्या चहाचं विचारतायत असं वाटून शशिकांतरावांनी दोन कप सांगितले.

संध्याकाळी यशोधनने तीन तासांचं बिल वाचलं आणि चेकबुक काढलं. शशिकांतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन्शनीतून भरतो म्हणाले, तर तो "राहू दे" एवढंच म्हणाला.

महिन्याभराने बाथरूम तुंबलं. यशोधनने त्याच कंपनीला फोन लावला, ऐकून घेतलं आणि फोन ठेवून वडिलांकडे वळला.

"रेट वाढलाय, बाबा. सत्तर. त्यांचे सगळे प्लंबर एकदम पगारवाढ मागायला गेले म्हणे."

शशिकांतरावांनी मान खाली घातली. आपल्याला लाज वाटायला हवी हे त्यांना कळत होतं, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला. पण राहवेना.

"मग त्यांचं कितीवर ठरलं?" त्यांनी हळूच विचारलं.