सुलटा तांब्या

आमच्या इमारतीत गुढीवरचा तांब्या सुलटा लावणारा एक माणूस राहतो. होय, सुलटा. तोंड वर, बूड खाली. गुढीवर तांब्या पालथा घालतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कडुबाचा तांब्या आपला आभाळाकडे आ वासून. तसा तो काठीवर बसत नाही, म्हणून सुतळीनं गळ्याला बांधायचा. मग वारा सुटला की दिवसभर काठीवर टणटण आपटायचा. पहिल्या वर्षी मी कारण विचारलं, तर गडी शांतपणे म्हणाला, "पाऊस आला तं भरंल की."

दुष्काळाचं वर्ष होतं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलंय. उलट्याला उलटं म्हणायचं, सुलट्याला सुलटं, यात माझी हयात गेली. हा सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेला माणूस गच्चीवर शास्त्राची चेष्टा करतो आणि लोक त्याला गाठीचं पदक तोडून देतात!

आमची इमारत बीड बायपासच्या पलीकडे. काल-परवापर्यंत इथं ज्वारी डोलत होती. ज्वारीला मिळायचं तेवढंही पाणी आम्हाला मिळत नाही. जलवाहिनी येणार, येणार, म्हणता म्हणता माझे केस पिकले. तोवर टँकर. टँकर आला की खाली हंडे-बादल्यांची जी लढाई व्हायची, ती थांबवायला मी, या इमारतीचा सेक्रेटरी म्हणून, एक तक्ता केला होता. मजल्यानुसार पाळ्या, लाल आणि हिरव्या शाईत. जिन्यात लावला. त्या तक्त्यावर कुणीतरी लिंबू-मिरची टांगली.

कडुबा गंगापूरकडचा. यष्टीवर ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहायला आला. बायको लेकाकडं पुण्याला असते, एवढंच सांगायचा. येईल पाडव्याला, म्हणायचा. कुठल्या पाडव्याला, ते आम्ही कधी विचारलं नाही.

त्याचं दुसरं वेड म्हणजे दर पाडव्याला स्वतःत एक बदल करायचा आणि तो गच्चीवरून जाहीर करायचा. "माणूस हाय, मैलाचा दगड नाय," हे त्याचं पालुपद. पहिल्या वर्षी त्यानं आवाज सोडला. म्हणजे यष्टीच्या इंजिनावर मात करणारा तो आवाज बंद करून कुजबुजायला लागला. भाजीवाल्याशी कुजबुज, वॉचमनशी कुजबुज. त्याचं ऐकायला माणसं जवळ सरकायची आणि सरकलेली माणसं मग तिथंच गप्पा मारत बसायची. मी मोठ्यानं, स्वच्छ उच्चारात बोलतो. माझ्यापासून लोक लांब उभे राहतात.

दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हातानं भाकरी करायला लागला. त्या जळक्या भाकरी त्यानं घरोघरी वाटल्या आणि लोकांनी त्या कौतुकानं खाल्ल्या. आमच्या हिनंसुद्धा. माझ्या आयुष्यात मी एकदाच चहा केला होता, तर हिनं तो तुळशीत ओतला होता.

तिसऱ्या वर्षी टँकरच्या रांगेत आपण सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं, असं त्यानं ठरवलं. झालं! त्याला मागं बघून बाया आधी हसल्या, मग लाजल्या, मग एकमेकींना पुढं व्हा, पुढं व्हा करायला लागल्या. महिन्याभरात लढाई बंद. माझ्या तक्त्याचं नाव कुणी काढलं नाही. टँकरवाले हमीदभाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. ते मला म्हणाले, "सर, काका ने तो कमाल कर दिया." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लपवून काय उपयोग, मी जळत होतो. रीतसर, सकाळ-संध्याकाळ जळत होतो.

त्याचं म्हणणं असं की नवं साल ज्याचं त्याचं, टँकर सगळ्यांचा. म्हणून तो सगळ्यांची नवी वर्षं पाळायचा. एक जानेवारीला केक खायचा, दिवाळीच्या पाडव्याला दारोदार जायचा. एकदा मोहरम लागला तेव्हा "नवं साल मुबारक" म्हणत हमीदभाईंकडे गेला. त्यांनी हळूच सांगितलं, "काका, इस महीने में मुबारक नहीं बोलते." मी वाट बघत होतो, आता फजिती होणार. तर हा तिथंच तासभर त्यांच्याशेजारी गप्प बसला, सरबत प्याला आणि उठून आला. पुढं हमीदभाईंची आई महिनाभर सांगत होती, असा बसणारा माणूस पाहिला नाही. बोला आता! चुकला तरी याचंच कौतुक.

गेल्या पाडव्याला मात्र कडेलोट झाला. पाणी इतकं कमी की सणालासुद्धा अर्धी बादली अंघोळ. बैठकीत कडुबानं कुजबुजून सुचवलं की या वर्षी सगळ्या इमारतीची मिळून एकच गुढी उभारू. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण मी गृहीत धरलं की गुढी सेक्रेटरी उभारणार. तर आमची ही उठून म्हणाली, "कडुबाभाऊंनीच उभारावी." वर आपली ठेवणीतली जरीची साडी गुढीला काढून दिली. माझ्या मुंजीला... म्हणजे माझ्या नातवाच्या मुंजीला जी ती नेसली नव्हती, खराब होईल म्हणून, ती!

पाडव्याला सकाळी गच्चीवर गुढी उभी राहिली. हमीदभाईंनी काठी धरली, कुणी आंब्याचा डहाळा बांधला, कुणी गाठी. वर आ वासलेला तो तांब्या. कडुबानं त्या वर्षीचा बदल सांगितला, की आपण चुकलो तर चुकलो म्हणायचं, लगेच, तोंडावर. टाळ्या पडल्या. सगळे लिंबाचा पाला आणि गूळ खाऊन खाली गेले. मी मागं राहिलो.

मी स्वतःला सांगितलं, शास्त्र म्हणजे शास्त्र. खुर्चीवर चढलो, सुतळी सोडली आणि तांब्या पालथा घातला. छान बसला. खाली येऊन मी श्रीखंडाला बसलो आणि खरं सांगतो, कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

दुसरा घास तोंडात असेल नसेल, तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. असला आवाज आम्ही तीन वर्षांत ऐकलाच नव्हता. पत्र्याच्या बसमधून शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा.

"द्वारके!"

कडुबा नैवेद्याचं ताट घेऊन गच्चीवर गेला होता. तो आता जिना उतरत एकेक दार वाजवत होता. ती इथं आली का, तुमच्याकडं बसली का, विचारत होता. हमीदभाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला. ज्या बाईला आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं, तिला तो आमच्या घरांत शोधत होता. सगळ्यात शेवटी आमच्या दारात आला. पायांत चप्पल नाही, हाताला श्रीखंड लागलेलं, आणि चेहरा असा उजळलेला की मी ताटावरून उठून दाराशी गेलो.

"वहिनी, द्वारका आली. कुठं लपवली तिला?"

ही गोंधळली. कोण द्वारका, कधी आली, म्हणाली. तेव्हा तो उभ्या उभ्या सगळं बोलून गेला. गंगापूरच्या घरी एका पाडव्याला काठी बारीक होती, म्हणून बायकोनं तांब्या सुतळीनं बांधला, तोंड वर राहिलं. यानं भावकीसमोर, त्याच आवाजात, एवढं बी कळत नाय का, म्हणून तिला वाटेल ते बोलून घेतलं. ती ताट वाढून गेली ती पुण्याच्या गाडीत बसली. जाताना म्हणाली, तुमी बदलायचे नाय, तुमी मैलाचा दगड. तेव्हापासून हा दरसाल तिच्या तक्रारींतली एक-एक गोष्ट काढून टाकत होता. आवाज. आयतं बसून खाणं. सगळीकडं पुढं घुसणं. आणि दर पाडव्याला तिला फोन करायचा.

"म्या तिला सांगून ठेवलंय, वहिनी. तांब्या तुझ्यासारखा सुलटाच ऱ्हाईल. तू येऊन तुझ्या हातानं पालथा कर. ती नाय म्हणली नाय. बघू म्हणली." त्यानं धाप टाकली. "आन् आज तांब्या पालथा हाय."

दारात, जिन्यात सगळी इमारत जमली होती. ही माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या हातांवर काय लागलंय ते बरोबर दिसतं. माझ्या बोटांना सुतळीचे धागे चिकटले होते.

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. वाऱ्यानं झालं म्हणता आलं असतं. पण कडुबा माझ्या खांद्यावरून आत, आमच्या माजघरात बघत होता, ती अजून बाहेर येईल म्हणून.

"कडुबाराव," मी म्हणालो, "तांब्या मी पालथा घातला. चुकलो."

तो तिथंच पायरीवर बसला. हमीदभाई त्याच्या शेजारी जाऊन बसले, गप्प, तो मोहरमला बसला होता तसे. मला वाटलं, शिव्या दे बाबा, एकदाचं मोकळं कर. तो बोलला ते पुन्हा त्या कुजबुजत्या आवाजात. मला वाकून ऐकावं लागलं.

"सर, तेवढा सुलटा करून ठेवा. ती आलीच तं तिला करायला काय तरी ऱ्हायला पायजे."

मी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढलो. तांब्या सुलटा करून गळ्याला दोनदा सुतळी बांधली. हिची जरीची साडी माझ्या तोंडावर उडत होती. आपण याच्यावर जळत होतो, ते कशासाठी, हे मला तिथं कळलं. त्याच्यावर लोक जीव टाकत होते म्हणून नव्हे. तो एका माणसासाठी बदलत होता, आणि मी कुणासाठीच कधी बदललो नव्हतो. त्याची ती पुण्यात. माझी तर घरातच होती, श्रीखंडाच्या ताटावर, माझी वाट बघत. खाली गेल्यावर मी तिला विचारलं, माझं काय काय खटकतं तुला? ती म्हणाली, आधी जेवून घ्या, यादी मोठी आहे.

यंदाच्या पाडव्यालाही गुढी एकच होती. द्वारकाबाई आल्या नाहीत. मात्र या वेळी फोन त्यांनी केला, असं कडुबा सांगतो, आणि पुन्हा बघूच म्हणाल्या. त्यानं काठी माझ्या हातात दिली, म्हणाला, आता तुमी उभारा, सर. मी खुर्चीवर चढून तांब्या बांधत होतो. पहिल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, त्यातले गृहस्थ खालून म्हणाले, "सर, तांब्या पालथा असतो ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कडुबा मान खाली घालून सुतळी गुंडाळत होता.

"असू द्या," मी म्हणालो. "पाऊस आला तर भरेल की."