बानूबाईंचा हात

राहू गावच्या शिवारात रोहिदासच्या घरी धुण्याची मशीन आली आणि महिन्याच्या आत अडून बसायला शिकली. कपडे फेसात गरगर फिरायचे आणि मध्येच दिवा लुकलुकून सगळं गप्प. रोज नाही. रोज अडली असती तर बिघाड म्हणून सोडून देता आलं असतं. रोहिदास घरी असला की मशीन सुतासारखी सरळ, आणि तो यवतला गेला की अडलीच.

"यंत्राला कळतंय व्हय, मी घरात हाय का न्हाई ते?" तो बायकोला, ज्ञानेश्वरीला, म्हणाला. "ही माणसाची करामत हाय."

माणसं उरली दोन. ज्ञानेश्वरीनं मशीनसाठी वर्षभर धोशा लावला होता, ती कशाला बंद करील? राहिल्या त्याच्या आई, बानूबाई. मशीनमधून निघालेलं आपलं लुगडं हातात धरून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्ये लुगडं हाय का दोरखंड?" रोहिदासनं ते वाक्य जपून ठेवलं होतं.

यवतहून नवनाथ मेकॅनिक आला. रोहिदास त्याच्याशेजारी उकिडवा बसून राहिला. मशीन विनातक्रार चालली.

"भाऊ, मशीन ओके हाय," पाना पिशवीत टाकत नवनाथ म्हणाला. "घरात कोण हात लावतंय का बघा."

एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"आई, बटण कशापायी बंद करती गं?"

बानूबाईंनी आत जाऊन पिशवीत दोन लुगडी भरली. "उंद्या कासुर्डीला लेकीकडं जाते. समद्या पावण्यांस्नी सांगते, लेकानं मला चोर ठरवली म्हणून."

कासुर्डीला कळलं म्हणजे सगळ्या भावकीला कळलं. आईला थांबवायचं तर तिला रंगेहात पकडणं हाच एक मार्ग रोहिदासला दिसला.

सकाळी "यवतला जाऊन येतो, मग सोडतो तुला," म्हणत तो निघाला. गाडी बांधापलीकडं लावली, गोठ्यामागून परत आला आणि खिडकीखाली दबा धरून बसला. आत मशीन घरघरत होती. बसून बसून कंटाळा आल्यावर त्याला उसाचं पाणी आठवलं. विहिरीवर त्यानं मोबाईल स्टार्टर बसवला होता. कुठूनही फोन लावला की मोटर चालू. यवतच्या टपरीवर चहा पीत चारचौघांना ती गंमत दाखवायची त्याला भारी हौस. त्यानं मोटरला फोन लावला.

मशीन थांबली.

"सापडलीस!" रोहिदास दारातून आत घुसला.

बानूबाई चुलीपाशी परातीपुढं बसल्या होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत बाजरीच्या पिठात.

"कशानं बंद केली रं? पिठानं?"

ज्ञानेश्वरी वर पंख्याकडं बघत होती. तो मरगळल्यासारखा फिरत होता. "अहो, मोटर लावली का तुम्ही?"

"व्हय. का?"

"बंद करा बरं."

मोटर बंद झाली. पंख्यानं वेग घेतला, मशीन चालू लागली.

"आता लावा."

मशीन अडली. खात्री एवढ्यानंच झाली होती, तरी ज्ञानेश्वरीनं आणखी एकदा लावायला सांगितली. आनंदासाठी.

"घरी असलात की मशीनपुढं राखण बसता," ती म्हणाली, "आन् भाईर गेलात की मोटरला फोन. व्होल्टेज कुठनं पुरावं?"

"आई, पिशवी सोड," रोहिदास पडेल आवाजात म्हणाला.

"सोडते. पण हितनं फुडं मोटरपायी मशीन अडली, तर राह्यलेलं धुणं तू पिळायचं. माझं लुगडं आधी."

रोहिदासनं मान डोलावली. दुसरं करणार काय?

आठवड्यानं मशीन पुन्हा अडली. आत नेमकं बानूबाईंचं लुगडं होतं. यवतच्या टपरीवर रोहिदासचा फोन वाजला.

"मोटर बंद कर आन् घरी ये."

"आई, शप्पत, आज मोटर लावलीच न्हाई मी!"

"लावली आसशील. तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई."

ज्ञानेश्वरीनं पंख्याकडं पाहिलं. तो भन्नाट फिरत होता. मग तिनं मशीनच्या बटणाकडं पाहिलं. त्यावर बाजरीच्या पिठाचं एक बोट उमटलं होतं. तिनं ते ओढणीनं पुसलं आणि सासूच्या हातातला फोन घेतला.

"अहो, मोटरच हाय. लवकर या. बादल्या काढून ठेवल्यात."