कोरं रिव्हॉल्व्हर आणि ईस्टरचं हॅम

यंदाच्या ईस्टरला टेबलावरचं हॅम मी आणणार! असं मी सासूबाईंसमोर, सगळ्यांच्या देखत, छाती पुढे काढून सांगून टाकलं. सासूबाई हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी बटाट्याचं भांडं माझ्यापासून लांब सरकवलं, बस्स!

म्हणजे त्याचं असं आहे, ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या गावच्या नेमबाजी क्लबात चांदमारी असते. जुनी रिव्हॉल्व्हरं, एका हाताने नेम, पाच गोळ्या. बक्षीस काय, तर धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी, म्हणजेच हॅम! ते दरवर्षी माझा मेहुणा क्लेम जिंकतो. जिंकतो ते जिंकतो, वर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सुरी हातात धरून भाषण ठोकतो. "काल वारा डावीकडून होता..." इथपासून सुरुवात! अन्न गार होतं, पण याचा वारा काही पडत नाही.

"असं म्हणतोस?" क्लेम माझी प्रतिज्ञा ऐकून म्हणाला. "मग ठरलं. यंदा मी जिंकलो तर हॅम माझ्या सासरी, ओहायोला. तुमचं तुम्ही बघा."

"जा घेऊन! जिंकलास तर!"

घरी आल्यावर लोरेटाने, म्हणजे माझ्या बायकोने, कमरेवर हात ठेवले. "एमिल, मग मी खाटकाकडे हॅम सांगून ठेवू की नको?"

"अजिबात नको!"

"शनिवारी दुपारी ईस्टरच्या जेवणाची टोपली फादरांच्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये न्यायची आहे. आख्खं गाव आपापली हॅमं घेऊन उभं असणार. आपली टोपली तेवढी रिकामी दिसली ना, तर आईच्या आधी मीच तुला सोलून काढेन!"

"तू फक्त टोपलीत जागा ठेव. मोठी ठेव!"

आता माझा नेम वाईट आहे का? छे! मी लोकांच्या तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करतो. अंधारात, पालथं पडून, मुंगीएवढा स्क्रू बसवतो. हात दगडासारखा स्थिर! दोष होता तो माझ्या रिव्हॉल्व्हरचा. हे मी कित्येक वर्षं सांगत होतो, पण ऐकतो कोण!

म्हणून अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या बंदुकांचा बाजार भरला, तसा मी सगळ्यांच्या आधी दारात हजर. आणि तिथे ते दिसलं! लांब नळीचं, खास नेमबाजीसाठी घडवलेलं, महायुद्धाच्या आधीचं. अशी मोजकीच बनली होती म्हणे. मूळ पेटीत, मूळ तेलकट कागदात गुंडाळलेलं. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी आयुष्यात एक गोळी झाडली नाही हो यातून."

मी मनात म्हटलं, वा! म्हणजे नवं कोरंच की! सरकारी सोपस्कार उरकले, माझं जुनं रिव्हॉल्व्हर बदल्यात दिलं, वरची रक्कम भरली (ती विचारू नका, लोरेटालाही अजून माहीत नाही) आणि थेट क्लब गाठला.

क्लबचे अध्यक्ष ऑगी म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या शस्त्रांचे महर्षी. त्यांनी पेटी उघडली आणि त्यांच्या तोंडातलं डोनट खाली पडलं. खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. गोळ्या भरायची चक्री अलगद बाजूला काढली, रिकामी आहे ना ते पाहिलं आणि कणभरही न फिरवता तशीच परत बसवली.

"एमिल, खरं सांग. तू ही फिरवलीस?"

"अजून नाही. आता फिरवतो!"

"हात लावू नकोस!!" म्हातारा असा ओरडला की शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "अरे, चक्री फिरली की आतली खिट्टी तिच्यावर बारीक चरा ओढते. प्रत्येक रिव्हॉल्व्हरवर तो असतोच. आणि हिच्यावर बघ! एक रेघ नाही! अशी कोरी मी जन्मात पाहिली नव्हती रे!" ऑगींच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"बरं मग?"

"मग काय? एकदा फिरवलीस की किंमत निम्मी. झाडलीस की संपलंच. मग ते नुसतं जुनं पिस्तूल!"

"अहो, पण मी ते झाडायलाच आणलंय!"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. क्लेमने तर टोपीच काढली. त्याने!

झालं! बातमी फुटली. रोज संध्याकाळी दारात अनोळखी माणसं. टोप्या हातात घेऊन तळघरात उतरायची, पेटीत डोकवायची, उसासे टाकायची. लोरेटा आधी माझ्यावर भडकलेली होती, पण ऑगींनी तिला खरी किंमत सांगितल्यावर रिव्हॉल्व्हर तिचंच झालं! तिजोरीची किल्ली तिने गळ्यात अडकवली. येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी आणि अक्रोडाची पोळी. मी सरावाचं नाव काढलं की म्हणायची, "शहाणा आहेस का? त्याच्या पैशातून आपलं नवं छप्पर होईल!"

"आणि हॅम?"

"ते तू दुसऱ्या कशाने तरी मार!"

दुसरं होतं कुठे? ते मी देऊन बसलो होतो ना! आणि उसनं मागायला माझ्या जिवावर येत होतं.

शेवटी शनिवार उजाडला. खाटकाकडचं शेवटचं हॅम आदल्या दिवशीच गेलं होतं. लोरेटा टोपली घेऊनच मैदानावर आली. टोपलीत पाव, रंगवलेली अंडी, लोण्यातून घडवलेलं कोकरू आणि मधोमध हे एवढं मोठं भोक! तिने त्या भोकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातली किल्ली काढून म्हणाली, "जा, घरी ठेवायचा धीर होईना म्हणून तिजोरीसकट गाडीत आणलंय, काढ ते. छप्पर गळलं तर बादली ठेवता येते, आईला काय ठेवणार?"

मी पेटी घेऊन माझ्या टेबलापाशी गेलो. झाकणाला हात लावला मात्र, मागून कोणीतरी किंचाळलं, "थांबाऽऽ!"

आमच्या मैदानाचा कडक नियम आहे. कोणीही "थांबा" म्हटलं की सगळ्यांनी हत्यार रिकामं करून टेबलावर ठेवायचं आणि पिवळ्या रेघेमागे जायचं. गेलो सगळे मागे. "कोण ओरडलं? काय झालं?"

"एमिल ते झाडतोय!"

"अरे, मग? स्पर्धा आहे ना!"

परत पुढे. परत झाकणाला हात. परत "थांबाऽऽ!" यावेळी स्वतः अध्यक्ष! परत सगळे मागे. मी पेटी छातीशी घट्ट धरलेली, कारण कोण कधी हिसकावेल नेम नाही! क्लेम तेवढ्यात आपल्या पाच गोळ्या मारून मोकळा झाला होता आणि डोनट खात उभा होता. "माझं घे की, एमिल," तो म्हणाला. "लाजतोस काय?"

त्या 'लाजतोस काय'ने माझं डोकंच सणकलं. पुन्हा एकदा "थांबा" झालं, पुन्हा मागे, पुन्हा गर्दीतून वाट काढत पुढे. मोकळं दिसलं त्या टेबलावर पेटी ठेवली, गोळ्या भरल्या आणि चक्री फिरवली. चर्रर्र! मागे कोणीतरी हुंदका दिला. ऑगी पाठ फिरवून उभे राहिले.

आणि काय सांगू तुम्हाला! लोण्यातून सुरी जावी तसा चाप! पाचही गोळ्या झाडल्या तेव्हा मला आतूनच कळलं, असा नेम या गावात कोणी मारलेला नाही!

समोर टांगलेले निशाण्याचे कागद आले. ऑगी एक कागद डोळ्यांशी धरून ओरडले. "पाचच्या पाच मधोमध! एका नाण्याखाली झाकतील!"

"बघितलंस!" मी लोरेटाला हवेत उचललं. टोपलीतली दोन अंडी फुटली. फुटू देत!

"कागद क्लेमचा," ऑगी म्हणाले.

"काय?"

"तू शेजारी क्लेमच्या टेबलापाशी उभा होतास, एमिल. आता नियम म्हणजे नियम. कागद ज्याचा, भोकं त्याची, आणि दहा पडली तरी त्यातली उत्तम पाच धरायची. तुझा कागद हा बघ." तो इतका स्वच्छ होता की त्यावर पत्र लिहिता आलं असतं.

क्लेमने माझा हात हातात घेतला, दाबला आणि हॅम गाडीत टाकून ओहायोला निघून गेला. भाषणसुद्धा केलं नाही. तेच जास्त लागलं!

दुपारी चर्चमध्ये रांगेत आमच्या टोपलीच्या मधोमध दुकानातला शेवटचा हॅमचा डबा होता. वरच चिकटवलेल्या पत्र्याच्या किल्लीने उघडायचा असतो ना, तो. टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडत येणारे फादर आमच्यापाशी थबकले.

"एमिल, आज सकाळी पाचच्या पाच मधोमध मारल्यास म्हणे?"

"हो, फादर."

"मग हे काय?"

"दुसऱ्याच्या कागदावर मारल्या, फादर."

फादरनी डब्यावर चार थेंब शिंपडले, जरासा विचार केला, आणि भांड्यात उरलेलं सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.