उदाहरणासहित देवरे सर

उद्या पाणी येणार नाही, ही बातमी आमच्या सोसायटीत भविष्यकाळाचं उदाहरण म्हणून येते. वॉचमन सूचना सांगतो आणि तळमजल्यावरचे देवरे सर ती पार्किंगमधल्या फळ्यावर उतरवतात. वर ‘फ्यूचर टेन्स’, खाली व्याख्या, त्याखाली ‘उदाहरण’. मग आपण समजायचं आणि बादल्या भरायच्या.

फळा खरं तर फक्त सूचनांसाठी होता. सरांनी हरसूलच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, निवृत्त होऊन नाशकात आले आणि चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी फळ्याचा ताबाच घेतला. रोज इंग्रजी व्याकरणातली नाहीतर अलंकारांतली एक संज्ञा. सिमिली, मेटाफर, आयरनी. संज्ञा फिरून त्याच, उदाहरण मात्र नवं. मी ओझरला कारखान्यात कामाला. कारखान्याच्या पावणेसातच्या बसला पळताना फळ्यासमोरून सुटका नसते.

‘उदाहरणासहित’ हा सरांचा लाडका शब्द. वॉचमन म्हणाला, “सर, मोटार लय त्रास देती,” की सर म्हणणार, “उदाहरणासहित सांग.” बेल वाजवून “मी आलोय” म्हटलं, तर आतून प्रश्न येतो, “मी म्हणजे? प्रोनाऊन नको, नाऊन सांगा.” एक कुरिअरवाला पार्सल दारातच ठेवून पळाला होता.

हेही चाललं असतं, पण उदाहरणं आमच्यावर असत. ऑक्सिमोरॉन, म्हणजे विरोधी शब्दांची जोडी: ‘चौथ्या मजल्यावरचं शांत भांडण.’ ओनोमॅटोपिया, म्हणजे आवाजावरून झालेला शब्द: ‘जाधवांची स्कूटर फटफटते.’ जाधव म्हणजे मी. आणि हायपरबोली, म्हणजे अतिशयोक्ती: ‘पाण्याची टाकी आहेरअण्णांनी एकट्याने गच्चीवर चढवली.’

आहेरअण्णा आमचे चेअरमन. टाकीची ही कथा ते दर मीटिंगला सांगतात. त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणं टाकलं आणि पुढच्या मीटिंगला ‘फळा काढणे’ हा विषय घेतला.

माझीही तक्रार होती. स्कूटर विकून मला तीन वर्षं झाली होती.

“सर, आता इलेक्ट्रिक गाडी आहे माझी. तिला आवाजच नाही.”

“उदाहरण मुरलेलं असावं, जाधव.”

पहिल्या मजल्यावरची चिनू शाळेत जायला लागली, तरी फळ्यावर ती अजून रांगतच होती.

मीटिंगच्या आठवड्यात फळ्यावर आलं: ‘अपॉस्ट्रॉफी (चिन्ह नव्हे, अलंकार): समोर नसलेल्या माणसाशी, तो समोर असल्यासारखं बोलणे. उदाहरण:’ आणि पुढे काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पाणी आलं नाही, तेही फळ्याने आधी सांगितलं नाही. संध्याकाळी मी सरांची बेल वाजवली आणि मुद्दाम म्हणालो, “मी आलोय.” सरांनी मुकाट्याने दार उघडलं, तेव्हाच मी घाबरलो.

टेबलावर एक दोनशे पानी वही उघडी होती. अक्षर सरांचं नव्हतं.

“हिचं,” सर म्हणाले. देवरेकाकूंना जाऊन चार वर्षं झाली. “हरसूलला पुस्तकातली उदाहरणं पोरांना कळायची नाहीत. बर्फासारखं पांढरं, म्हणे. पोरांनी बर्फ कुठे बघितला? मग मी हिला मराठीत व्याख्या सांगायचो आणि ही भाकरी थापता थापता उदाहरण द्यायची. इथे आल्यावर गॅलरीत बसून तुम्हा सगळ्यांवर वही भरली. म्हणाली, मी नसले तर तुम्हाला एक वाक्य सुचायचं नाही.”

त्यांनी शेवटचं पान पुढे केलं. अपॉस्ट्रॉफीपुढची जागा कोरी होती.

“तीस वर्षं पोरांना सांगितलं, स्वतःच्या मनाने लिहा. मला नाही येत, जाधव. व्याख्या तेवढ्या माझ्या. वही संपली, आता ती काय बोलली असती ते मला कळणार नाही.”

चार वर्षं आम्ही सरांवर चिडत होतो आणि टोमणे काकूंचे होते.

परत जाताना पार्किंगमध्ये आहेरअण्णा भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं.

“टाकीचं पण वहिनींचं?” अण्णांनी विचारलं आणि ते फळ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ‘उदाहरण’पुढे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘वहिनी, टाकी चढवायला आम्ही सहा जण होतो.’

अण्णा उगाच विजेचं मीटर बघत उभे होते. सर खडू घेऊन आले. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“बरोबर आहे का, सर?” अण्णांनी मीटरकडे बघतच विचारलं.

सरांनी शेजारी बरोबरची खूण केली. कोपऱ्यावर माझी बस हॉर्न देत होती, पण माझा पाय निघेना. सरांनी आमच्याकडे पाठ केली. मग त्यांनी खाली दुसरं उदाहरण लिहिलं, वहीत न बघता.

‘अगं, ऐकलंस का? अण्णा कबूल झाले.’