जावईबापूंचं बेकन

बेबीनंदाला नवऱ्याबरोबर पलटणीच्या गावी राहायला जायचं होतं आणि ते सगळं आता मटणाच्या एका ताटावर येऊन अडलं होतं.

तिचा नवरा संपत फौजेत सायबांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता. एकाहत्तरची लढाई उरकली, क्वार्टर मिळालं, तसा तो रजा काढून बायकोला न्यायला तिच्या माहेरी वडीगोद्रीला आला. पण सासरे रखमाजी पोरीला पाठवायला राजी होईनात. हा गडी खरंच रांधतो की नुसती भांडी घासतो, याचीच त्यांना शंका होती.

"मामा, एक डाव माझ्या हातचं खाऊन पाहा," संपत म्हणाला. "सायबलोक ज्याच्यावर जीव टाकतेत, ते बेकन करतो. तिकडं डुकराचं असतंय, इथं बोकडावर भागवू."

"काय काय घालतेत त्याच्यात?"

"आधी खा. मंग सांगतो."

अशा रीतीनं जावई चुलीपुढं बसला. बेबीनंदाची आई मालनबाई जुन्या वळणाची, जावयासमोर कधी येत नसे. त्यामुळे तिला स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरता येईना. दाराआड उभी राहून ती भांड्यांचे आवाज ऐकत होती आणि तिचा जीव खालीवर होत होता.

संपतनं चरबीदार मटणाच्या पातळ पट्ट्या कापल्या, त्यांना काहीबाही चोळलं, वर ताट झाकलं आणि तो विहिरीवर अंघोळीला गेला. तो वळतो न वळतो तोच मालनबाई आत घुसली. झाकण काढून तिनं बोट चाटलं.

"बेबे, मटन गोड लागून राह्यलं गं. गुळाचं पाणी सांडलं ह्याच्यात."

"मंग सांगू का त्यानला?"

"येडी का खुळी तू? जावयाची चूक कोणी तोंडावर सांगतं का? आन तुझ्या बाला कळलं तर तो बिलकुल पाठवायचा न्हाई. जल्दी धुऊन काढ."

बेबीनंदानं पट्ट्या दोनदा धुतल्या आणि मीठ लावून ठेवल्या. संपतनं परत येऊन बोट लावून चाखलं आणि तो चक्रावला.

"गूळ कुठं गेला?" असं पुटपुटत त्यानं आधीपेक्षा मोठा खडा फोडला, तिखट घालून पाक केला आणि पट्ट्यांवर ओतला. बेबीनंदाच्या आता ध्यानात आलं. गूळ मुद्दाम घातला होता तर. पण आता बोलायचं म्हणजे आईचं नाव घ्यावं लागणार. ती चुलीत लाकडं सारत राहिली.

संपत लिंबू आणायला दुकानावर गेला आणि रखमाजींना राहवेना. त्यांनी आत येऊन पट्टीवरचा पाक बोटानं चाखला, तोंड वाकडं केलं आणि मसाल्याच्या डब्यातून मूठभर तिखट काढून वर पसरलं.

"बा, हे काय करून राह्यलात?"

"गोडी मारतो. पाव्हण्याच्या इज्जतीचा सवाल हाय. त्यानला सांगू नको."

संपत लिंबू घेऊन परतला, पट्ट्या तव्यावर पडल्या आणि गूळ जळायला लागला. तिखटाचा धूर असा उठला की दाराआड मालनबाई खोकली, शेजारची उषाबाई खोकली आणि गोठ्यातली म्हैससुद्धा दावं ओढायला लागली. संपतनं मात्र न डगमगता काळ्याकुट्ट पट्ट्या ताटात मांडून सासऱ्यांपुढं ठेवल्या.

रखमाजींनी एक पट्टी तोंडात टाकली. बराच वेळ चावली. मग तांब्याभर पाणी प्यायले. बेबीनंदाला वाटलं, आता संपलं, आपण काही या गावातून हलत नाही.

"जावाईबापू, तिकडं हेच खाता?"

"रोज न्हाई मामा. पर चव हीच असते, बराबर हीच," संपत छाती काढून म्हणाला. भाजल्यावर स्वतः त्यानं अजून चाखलं नव्हतं.

रखमाजींनी उपरण्यानं डोळ्यांतलं पाणी पुसलं. ते तिखटानं आलं होतं की मायेनं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"बेबे, लुगडी बांधायला घे. सकाळच्या एस्टीनं निघा," ते म्हणाले. "ह्या लेकराचे लई हाल होऊन राह्यलेत तिकडं. आन जमलं तर त्या सायबालाबी दोन घास तुझ्या हातचे घाल."