नागनाथअप्पा आणि करडी बटणं

नागनाथअप्पा दर सोमवारी कंपनीला पत्र लिहीत. कंपनी म्हणजे आम्ही छापखान्यात पानं मांडायला जे सॉफ्टवेअर वापरतो ते बनवणारी, सातासमुद्रापलीकडची. पत्र मराठीत. सुरुवात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', शेवट 'लोभ असावा', आणि मध्ये नुसता जाळ. तिकडून क्षणात ठरीव इंग्रजी उत्तर यायचं, की सूचनेबद्दल आभारी आहोत. अप्पा त्याचा प्रिंट काढून फायलीला लावत आणि म्हणत, "आभार मानायलेत. पण आधी आमाला इचारलं का?"

हे त्यांचं पालुपद. बिस्किटाचा पुडा लहान झाला, एसटीचा थांबा हलला, पुतण्यानं मिशी काढली, अप्पांचा सवाल एकच. लातूरच्या आमच्या छापखान्यात ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढं खिळे गेले, संगणक आला, आणि तो सगळ्यांच्या आधी शिकले ते अप्पाच. म्हणून नंतर जे झालं, त्याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संगणकाच्या खोलीत आम्ही तिघं. अप्पा, मी आणि मालनबाई. बाई लग्नपत्रिकांचा मजकूर टाकायच्या. पन्नाशीजवळच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला कमी.

ऐन लग्नसराईत एका सकाळी संगणक उघडले तर सॉफ्टवेअरचं रूपच पालटलेलं. आधी कात्री लाल होती, रंगाचा डबा पिवळा होता. बटणं फुगीर असायची, दाबली की आत गेल्यासारखी दिसायची. आता सगळं सपाट. पांढऱ्यावर फिकट करड्या बारीक रेघा. कुठलं बटण आणि कुठलं नुसतं अक्षर, काही कळेना. मी दोन दिवस चरफडलो आणि तिसऱ्या दिवशी सवय झाली.

अप्पांनी मात्र बंड केलं. "दाबलं तर दबलं का न्हाई ते बी कळंना. मंग त्याला बटन कशाला म्हनायचं?" असं म्हणून कोपऱ्यातल्या, अजून न बदललेल्या जुन्या मशीनची इंटरनेटची वायर त्यांनी स्वतः उपटली, म्हणजे तिच्यात तरी जुनं रूप टिकावं. ही मशीन इथून हलली तर मी बी हललो, असं मालकांना बजावलं. त्या मशीनवर कधी ते बसत, कधी बाईंना बसवत.

मालक वैतागले. नव्यात केलेलं पान जुन्यात उघडायचं नाही, एकेका कामाला दोनदा हात लागायचा. गिऱ्हाइकांसमोर ते म्हणायचे, अप्पांना आता नवं झेपत नाही. अप्पा मान खाली घालून म्हणत, "व्हय, न्हाई झेपत." चहाच्या गाड्यावर मी त्यांची नक्कल करायचो. डोळे बारीक करून, बोट पडद्यावर फिरवत, 'आमाला इचारलं का?' लोक पोट धरून हसायचे.

एका दुपारी फोन विसरला म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत परत आलो. खोलीत अप्पा एकटेच होते, आणि नव्या मशीनवर बसले होते. हात असा चालत होता की मी दारातच थांबलो. बाईंच्या वाट्याच्या पत्रिका ते एकामागून एक उरकत होते.

मला बघून ते दचकले. मग खुर्ची ओढून बस म्हणाले, आणि हळू आवाजात सांगितलं. बाईंच्या साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब केले होते. अक्षर मोठं करून त्या वाचायच्या, पण ही करडी चित्रं त्यांना दिसतच नव्हती. जुन्यात त्या रंगावरून बटण ओळखायच्या. अप्पा नवं आठ दिवसांत शिकले होते.

"मग तुम्ही स्वतःची फजिती का करून घेताय?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याला येत न्हाई म्हनून जुनी मशीन ठिवतील, बालाजी. बाईला दिसत न्हाई म्हनून कोन ठिवतंय?" मग म्हणाले, "कुनाला बोलू नको."

मी बोललो नाही. म्हणजे बाईंचं नाही बोललो. महिनाभरानं मालक मला म्हणाले की सराई संपली की अप्पांना घरी बसवू, नव्या मशीनला ते कामाचे नाहीत. मला राहवलं नाही. मी सांगितलं की अप्पा नव्यावर माझ्यापेक्षा चांगलं काम करतात, मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मते मी अप्पांची इज्जत राखली होती.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला जुनी मशीन घेऊन गेला.

बाई नव्या मशीनवर बसल्या. अप्पा शेजारी बसून हळूच सांगायचे, वरून तिसरं, आता डावीकडचं. पण एका सकाळी मालकांनी त्यांना कागद मोजून घ्यायला खाली पाठवलं, आणि तेवढ्यात मुरुडच्या एका पत्रिकेची दुरुस्ती आली. नवरीच्या आजोबांच्या नावाआधी चुकून 'कै.' पडलं होतं. बाईंनी ते काढलं. मग पुढच्या पानावर जाताना दोन सारख्याच करड्या बाणांपैकी केलेलं उलटवणारा दाबला गेला, आणि काढलेलं 'कै.' परत आलं. पत्रिका तशीच छापली गेली.

दोन दिवसांनी आजोबा स्वतः जीपनं आले. पांढरं धोतर, हातात पत्रिका. काउंटरवर ती ठेवून म्हणाले, "मी हाय की अजून."

हसण्यासारखंच होतं. कुणी हसलं नाही. अप्पा पुढं झाले आणि म्हणाले, माझी चूक. मालक त्यांच्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात मागून बाई उठून आल्या.

"माझ्या हातनं झालं," त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई."

मालक काही वाईट माणूस नव्हेत. आजोबांना हात जोडले, पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आणि बाईंना म्हणाले, डोळे नीट करून या. ते नीट होणारे डोळे नव्हते, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

अप्पा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी सायकल काढताना एवढंच म्हणाले, "तू खरंच बोललास, बालाजी. खोटं काय बोलला न्हाईस." मग कामापुरतं सोडून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पत्रंही थांबली.

पावसाळ्यानंतर एका रविवारी बाईंचा टेबलात राहिलेला डबा द्यायला मी त्यांच्या गल्लीत गेलो. ओट्यावर बाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि शेजारी अप्पा. आठवड्याच्या पत्रिकांची कच्ची पानं ते मोठ्यानं वाचत होते. मामा, मामी, चुलते, आत्या, एकेक नाव. बाई मान खाली घालून ऐकत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पाव्हन्याचं गाव वर किल्लारी अन् खाली नवी किल्लारी झालंय. एकच करा. अन् थोरली आत्या धाकटीच्या मागं गेली, रुसंल ती."

अप्पांनी लाल पेनानं खूण केली. हे मालकांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी तसाच उभा.

"कोन आलंय?" बाईंनी विचारलं.

अप्पांनी वर बघितलं. "कुनी न्हाई. बालाजी हाय."

"मंग बसू द्या की त्याला."

अप्पांनी शेजारी पसरलेले कागद उचलून मांडीवर घेतले आणि पुढची ओळ वाचायला लागले.